गुरुजींना सांगू नका, खुनी कोण

घरची बांधी

भुवनेश्वर रहांगडाले गुरुजींनी रावसाहेबांचा खून रविवारी सकाळी उरकला आणि मग ते अंघोळीला गेले.

खून कागदावरचाच होता, तरी त्यांनी अंगावर दोन बादल्या जास्त घेतल्या. आजवर त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलांसाठी बोधकथा लिहिल्या होत्या आणि त्यात फार तर एखादा लबाड कोल्हा विहिरीत पडत असे. 'धुक्यातील मधुलिका' ही मात्र प्रेमरहस्य कादंबरी होती. थंड हवेच्या ठिकाणी एक बंगला, आतून कुलूप लावलेली खोली, खोलीत मेलेले रावसाहेब. त्यांची अनाथ, सुंदर, सतत रडणारी पुतणी मधुलिका. तिच्यावर प्रेम करणारा, पण प्रेमाबद्दल चकार शब्द न काढणारा चित्रकार राजशेखर. शिवाय एक वकील, एक स्वयंपाकी आणि एक डॉक्टर. थंड हवेचं ठिकाण गुरुजींनी पाहिलेलं नव्हतं. बोदलकसाच्या तळ्यावर पौषात एकदा हुडहुडी भरली होती, तेवढ्या भांडवलावर त्यांनी हिमवर्षाव केला होता.

कादंबरी छापायला गोंदियाचे हिरालालजी तयार होते. त्यांच्या छापखान्यात लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं निघत, पण गोंदिया जंक्शनवरच्या स्टॉलसाठी त्यांना प्रवासात वाचण्याजोगं काहीतरी हवं होतं. अट एकच. "मास्तरजी, आखरी पन्ने तक खूनी का पता नहीं चलना चाहिए. पता चल गया तो आदमी किताब डोंगरगढ़ आने से पहले खिड़की से बाहर फेंक देता है." हिरालालजी स्वतः काही वाचत नसत. वाचत असत त्यांच्या पत्नी सुमित्राबाई. त्यांनी रहस्यकथांची कपाटंच्या कपाटं रिचवली होती आणि निम्म्या पुस्तकात त्या खुन्याची मानगूट धरत. या कादंबरीत त्या हरल्या तर राखीच्या गर्दीआधी पुस्तक निघणार होतं. नाही हरल्या तर गुरुजींनी पुन्हा कोल्ह्याकडे वळायचं होतं.

अशा वेळी शहाणा लेखक तोंड शिवून बसतो. गुरुजींना बसणं हा प्रकारच जमत नसे. लिहिताना ते दर वाक्याला उठत, ओसरीवर जात, आभाळ बघत, परत येत आणि वाक्य खोडत. खून झाल्यावर तर पायाखाली निखारे असल्यासारखे फिरू लागले. शेवटी कादंबरी पुरी होताच न राहवून त्यांनी बायकोला, योगेश्वरीला, समोर बसवलं आणि अख्खी कादंबरी वाचून दाखवली. खुनी डॉक्टर निघाला. योगेश्वरी इतकंच म्हणाली, "बरं."

हे कोणालाही सांगायचं नाही, असं गुरुजींनी तिला बजावलं. तिने मान हलवली. मान कोणत्या बाजूने हलली ते पाहायला गुरुजी थांबले नाहीत. ते तोवर ओसरीवर पोचले होते.

तीच बांधी, दुसरा दिवस

रोवणीचे दिवस. ज्यांनी धान लावलेलं नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर, रोवणी म्हणजे गुडघाभर चिखलात, दिवसभर कमरेत वाकून, एकेक रोप हाताने खोचत मागे मागे सरकणं. हे काम बायांचं. पुरुष चिखलणी करतात, पऱ्ह्यांच्या म्हणजे रोपांच्या पेंढ्या वाहतात आणि उरलेल्या वेळात धुऱ्यावर, बांधाच्या कडेला, उभे राहून सल्ले देतात. वाकलेल्या पाठीला काहीतरी विरंगुळा लागतो. गाणी असतात, पण आषाढ संपेपर्यंत गाणी संपतात आणि मग नुसती पाठ उरते.

गुरुजींच्या बांधीत, धानाच्या त्या चौकोनी वाफ्यात, जमुनाबाईची टोळी उतरली होती. जमुनाबाई म्हणजे टोळीची मुकादम. तिचा शब्द पंचक्रोशीच्या धानावर चाले. योगेश्वरीही घरच्या शेतात पदर खोचून उतरली होती. जमुनाबाई म्हणाली की गुरुजींच्या घरात एवढे कागद काळे होऊन राहिलेत, त्यातलं काही सांग. योगेश्वरीने एवढंच सांगितलं की एक बंगला होता. बाकीचं तिने सांगितलं नाही, ते तिच्याकडून निघत गेलं.

संध्याकाळपर्यंत बंगल्याचं पाटबंधारे खात्याचं विश्रामगृह झालं होतं. बर्फ कोणालाच पटला नाही, म्हणून गारा पडल्या. राजशेखर चित्रं काढतो म्हणजे नेमकं करतो काय, यावर बराच खल झाला आणि सर्वानुमते त्याला तिरोडा आगाराच्या एस.टी.त कंडक्टर करण्यात आलं. मुलगी द्यायची तर मुलाला कायमची नोकरी हवी. हे रात्री जेवताना कळलं तेव्हा गुरुजींचा घास हातातच राहिला. त्यांचा नायक, ज्याच्या लांबसडक बोटांवर त्यांनी पाऊण पान खर्ची घातलं होतं, तो आता त्या बोटांनी तिकिटं फाडत होता.

आणि डॉक्टर? डॉक्टरवर जमुनाबाईने जागच्या जागी निकाल दिला होता. "डॉक्टरले मारायचंच होतं त दवाखान्यात मारला असता. घरी कायले जाईन तो? घरी बोलावलं त येत नाई."

म्हणजे शेवटही सांगून झाला होता.

चैनलालची बांधी

शेजारचे चैनलाल बिसेन मोठे शेतकरी. ते सकाळीच आले, खाटेवर बसले आणि पानाचा विडा गालात फिरवत त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. गुरुजींना वाटलं, कोणी गेलं की काय.

"गुरुजी, माहे पऱ्हे पिवळे पडून राहिले," चैनलाल म्हणाले. "जमुना म्हणते, मधुलिकाचं काय झालं ते आयकल्याशिवाय टोळी हलत नाई. तुमची रोवणी त झाली. आता बाया तुमच्या बांधीत लावलेलंच सारखं करून राहिल्या. तुमी त्या बुढ्याले मारा, नाई त जित्ता ठेवा, पण बायांले सोडा."

डॉक्टर टोळीला नामंजूर झाल्यामुळे गोष्ट संपलेलीच नव्हती. योगेश्वरीने वेळ मारून न्यायला 'अजून पुढे आहे' म्हटलं होतं आणि आता पुढचं ऐकल्याशिवाय कोणी चिखलातून पाय काढायला तयार नव्हतं. तोडगा चैनलालनीच काढला. पुढचं प्रकरण त्यांच्या बांधीत सांगायचं. योगेश्वरीला न्यायला ट्रॅक्टर येईल.

ट्रॅक्टर आला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचा आला. मग धुऱ्याधुऱ्यावर भांडणं लागली, की नवं प्रकरण आधी कोणाच्या शेतात. ज्याच्या बांधीत योगेश्वरी, त्याच्या बांधीत टोळी. घरी गुरुजी चुलीपुढे बसून करपलेला भात उकरत आणि एका हाताने उद्याचं प्रकरण लिहीत. धान दिवसाला जेवढं सरकेल तेवढीच कादंबरी सरकायला हवी होती. मोठी बांधी असेल तर मोठं प्रकरण लागे. एकदा पाऊस थांबला आणि रोवणी दोन दिवस अडली, तेव्हा मधुलिकेला विनाकारण ताप आणावा लागला.

सल्ल्यांना तोटा नव्हता. निवृत्त पोस्टमास्तर चुन्नीलालजी म्हणाले, खून वकिलाने केला असणार, कारण वकिलानेच त्यांची बांधाची केस बुडवली. पानठेल्यावर एकाने स्वयंपाक्यावर बोट ठेवलं. दुसरा म्हणाला, वाघ का नाही? जंगल तर जवळच आहे. गुरुजींनी शांतपणे विचारलं, वाघ आतून कुलूप कसं लावेल? तो म्हणाला, ते लेखकाने पाहायचं.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. कोणीही, एकदाही, 'गुरुजी, छान लिहिता' असं म्हणालं नाही.

कोरडी बांधी: इथे फक्त कागद उगवतात

गावचा कृषी सहायक लोकेंद्र नोकरीत नवा होता, त्यामुळे खरं लिहायचा. दर आठवड्याला रोवणीचा अहवाल जाई. त्यात विलंबाच्या कारणांचा एक रकाना असे: पावसाचा अभाव, पाणी न सुटणे, मजुरांचा अभाव, इतर. लोकेंद्रने 'इतर'समोर खूण केली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'मजूर उपलब्ध, तथापि कादंबरीचे पुढील प्रकरण अनुपलब्ध.'

कागद वर गेला. गोंदिया वेगळा जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती, पण कागदांना जुन्या वाटेची सवय. तो आधी भंडाऱ्याला गेला, तिथून 'आपल्या कार्यक्षेत्रातील बाब' असा शेरा घेऊन परत आला आणि लेखक शिक्षक असल्याने शिक्षण विभागात उतरला. गुरुजींच्या हाती पडलं ते असं:

'आपण कादंबरी विहित वेळेत पूर्ण न केल्याने मौजे मजकूर येथील धान रोवणी प्रलंबित असल्याचे निदर्शनास आले आहे. तरी आपणाविरुद्ध कारवाई का करण्यात येऊ नये, याचा खुलासा समक्ष हजर राहून सादर करावा.'

गुरुजी घाबरले. मग थोडे ताठ झाले. कादंबरी लवकर लिही म्हणून शासनाने नोटीस काढावी, हे भाग्य किती लेखकांना लाभलं असेल? इस्त्रीचा सदरा घालून ते तिरोड्याला शिक्षण विभागाच्या कचेरीत गेले.

साहेबांनी खुलासा वाचला नाही. त्यांनी शिपायाला चहा आणायला पाठवलं, दार लोटलं आणि खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात विचारलं, "आमच्या सासूबाई म्हणतात डॉक्टर. खरं का?"

सासूबाई कुठल्या, हे गुरुजींनी विचारलं. आमगावच्या होत्या. आमगाव म्हणजे दुसरा तालुका. गुरुजी चहा न पिता निघाले.

घरी फोन वाजतच होता. हिरालालजींच्या आवाजात राग नव्हता, उलट सांत्वन होतं, आणि ते जास्त लागलं. "मास्तरजी, किताब तो अभी आई भी नहीं, और सुमित्रा बोल रही है डॉक्टर. उसकी भाभी का खेत है ना तिरोड़ा में. अब बताइए." गुरुजींनी काय बतावं? नवा शेवट देतो, असं ते बोलून गेले. राखीच्या आत. असा शेवट की कोणाच्या स्वप्नातही येणार नाही.

त्या दिवसापासून त्यांनी योगेश्वरीला एक ओळही सांगितली नाही. तिने एकदाच विचारलं. गुरुजींनी तोंडावर बोट ठेवलं. तिने त्या बोटाकडे पाहिलं आणि ती ट्रॅक्टरवर चढून निघून गेली.

रिकामी बांधी

या प्रकरणात गुरुजींनी काहीही लिहिले नाही.

रिकामी बांधी (पुढे चालू)

खरोखरच नाही. वकील घ्यावा तर तो चुन्नीलालजींनी आधीच धरलेला. स्वयंपाकी पानठेल्याचा. राजशेखर खुनी ठरवला तर एस.टी. महामंडळाची बाजू घेऊन अर्धं गाव अंगावर येणार. एकेक संशयित कोणी ना कोणी बळकावून ठेवला होता. दोन-तीन दिवस गुरुजी रावसाहेबांनी आत्महत्या केली असं धरून चालले, पण मग हिरालालजींचा तो खिडकीतून फेकणारा प्रवासी डोळ्यापुढे आला. ओसरी ते परसदार, परसदार ते ओसरी. शेणाने सारवलेल्या जमिनीत त्यांच्या पावलांची वाट पडली.

अशा एका संध्याकाळी योगेश्वरी चिखलाचे पाय धूत असताना गुणगुणत होती. गुरुजींनी सहज विचारलं, आज काय झालं? ती म्हणाली, गोष्ट संपली.

कोणती?

तुमचीच.

घरून नवी ओळ येईना म्हणून टोळीने खुनी स्वतःच शोधायला घेतला होता; दोन तट पडले होते, चार दिवस कडाक्याचं भांडण झालं होतं, एका बाईने तर रागाने दुसऱ्या टोळीत जायची धमकी दिली होती. आणि आज चैनलालच्या मोठ्या बांधीत सगळ्यांना पटेल असा खुनी सापडला होता. इतका पटेल असा, की धमकी देणारीनेही ती मागे घेतली.

गुरुजींनी आवाजात शक्य तेवढी बेफिकिरी आणून विचारलं, "कोण?"

"तुमी मले नाई सांगितलं," योगेश्वरी पाय पुसत म्हणाली, "मी तुमाले नाई सांगत. अन जमुनाबाईनं सगळ्यांले बजावलं हाये, लेखकाले कळू द्यायचं नाई. तो बदलवते."

यावेळी बातमी गुरुजींपर्यंत पोचली नाही. जमुनाबाईने जाहीर केलं होतं, की ज्या घरातून हे गुरुजींकडे किंवा गोंदियाच्या छापखान्याकडे जाईल त्या घराच्या बांधीत पुढच्या वर्षी टोळी उतरणार नाही. धान कोणाला नको असतं? चुन्नीलालजींना माहीत होतं, पण ते पेपरात डोकं घालून बसले. चैनलालना माहीत होतं, ते विषय युरियावर नेत. पानठेल्यावर गुरुजी आले की बोलणं थांबे आणि सगळे त्यांच्याकडे आजाऱ्याला भेटायला आल्यासारखं पाहत. तिरोड्याच्या साहेबांनीही फोन करून खुलासा समाधानकारक असल्याचं कळवलं आणि जाता जाता म्हणाले, "शेवट झकास केलात हो." गुरुजींनी आभार मानले.

सगळ्या तालुक्यात आपल्या कादंबरीचा शेवट ठाऊक नसलेला माणूस एकच होता.

शेवटची बांधी

राखी जवळ आली. रोवणीही संपत आली होती, चैनलालची खोलातली एक बांधी तेवढी उरली होती. ती संपली की टोळी पांगणार आणि खुनी तिच्याबरोबर जाणार. गुरुजी छत्री घेऊन, धान पाहायला आल्यासारखे धुऱ्यावर जाऊन उभे राहिले. बांधीतलं बोलणं तुटलं. एकीने गाणं सुरू केलं. गुरुजी दुसऱ्या धुऱ्यावर गेले. गाणं त्यांच्या मागोमाग वळलं.

शेवटी जमुनाबाईनेच मान वर केली. "गुरुजी, हातात पेंढी असन त्यालेच इथलं आयकू येते."

हे सगळ्यांदेखत होतं. चैनलाल समोरच्या धुऱ्यावर. गडी पेंढ्या टाकत होते. गुरुजींनी छत्री मिटली. चष्मा खिशात ठेवला, परत घातला. मग पायजमा गुडघ्यापर्यंत गुंडाळून ते चिखलात उतरले. एक चप्पल पहिल्याच पावलाला गेली, ती आजही चैनलालच्या बांधीत असेल.

पेंढी सोडली. रोप खोचलं. दुसरं खोचलं. आपण काही वाईट लावत नाही, असं त्यांना वाटू लागलं, तोवर बायांमध्ये खसखस पिकली. गुरुजी पुढे चालत लावत होते आणि लावलेलं स्वतःच तुडवत होते. चैनलालनी कपाळावर हात मारला. योगेश्वरी आपली पांत, रोपांची ओळ, सोडून शेजारी आली, त्यांच्या खांद्याला धरून त्यांना उलटं फिरवलं आणि वाकली. तिच्याशी बोलायचं तर गुरुजींनाही वाकावं लागलं.

"रावसाहेबाले दूध कोण नेऊन देत होतं?" तिने रोपांकडे पाहतच विचारलं.

"मधुलिका."

"रोज?"

"रोज. तिसऱ्या प्रकरणात आहे ना."

"अन खोलीची दुसरी चावी?"

"तिच्याचकडे. पण ती कुठे ठेवली ते विसरली होती."

"विसरली म्हणून तुमी लिवलं. ती त कुठंच म्हणत नाई." योगेश्वरीने दोन रोपं खोचली. "अन त्या बुढ्यानं तिचं लगन कोणासंगं ठरवलं होतं?"

 पाचव्या प्रकरणातला तो पन्नाशीचा विधुर जहागीरदार गुरुजींनी नुसता पानं भरायला आणला होता. हातातली पेंढी हळूहळू खाली जात चिखलाला टेकली. मधुलिका? त्यांनी तिला पंचवीस पानं रडवलं होतं. तिच्या पापण्यांवर दवबिंदू ठेवले होते.

"पण ती रडते," ते म्हणाले.

"हो ना. अन बाई रडताना दिसली का तुमाले मंग बाकीचं काईच दिसत नाई."

जमुनाबाई पलीकडून हसली आणि पुन्हा आपल्या रोपांकडे वळली. ही पांत योगेश्वरीची होती.

"आणि राजशेखर?" गुरुजींनी विचारलं. एवढ्या आतुरतेने त्यांनी आयुष्यात कोणाला काही विचारलं नव्हतं.

"त्याले पयल्या दिवसापासून मालूम हाये. म्हणून त चूप हाये बिचारा. तुमी उगाच त्याले लाजाळू करून ठेवलं."

पाठ मोडून आली होती. पाण्यात आभाळ हलत होतं. आपण एवढी चांगली कादंबरी लिहिली आहे हे गुरुजींना त्या क्षणी पहिल्यांदा समजलं, आणि ती आपण लिहिलेली नाही हेही. जमुनाबाई म्हणाली की खुनी कळला म्हणून मधेच उठता येत नाही, पांत पुरी करा. त्यांनी केली. ती वाकडी झाली आणि चैनलालनी ती तशीच राहू दिली.

बांधीबाहेर

शेवट गुरुजींनी एका बैठकीत लिहिला. हो, बसून. पाठच अशी धरली होती की उठता येत नव्हतं.

हस्तलिखित गोंदियाला पोचलं आणि मग काही दिवस फोन वाजला नाही. पाठ मोकळी झाली तशी ओसरी पुन्हा सुरू झाली. राखीला आठच दिवस उरले असताना हिरालालजींचा फोन आला. आवाज खाली होता, घरात कोणी ऐकू नये अशा बेताचा.

"मास्तरजी, सुमित्रा हार गई. आखरी पन्ने तक डॉक्टर-डॉक्टर करती रही." मग आवाज आणखी खाली गेला. "लेकिन परसों से रोज खुद दूध लाके देती है. सामने खड़ी रहती है. और मुस्कुराती है. मैं गमले में डाल देता हूँ." पुस्तक छापायला घेतलं होतं. फक्त एक विचारायचं होतं. "सच बताइए, ये खूनी आपने सोचा?"

योगेश्वरी समोरच सुपात तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी चाललं असतं. तिरोड्याच्या साहेबांपुढे त्यांनी तेच तर केलं होतं. गुरुजींनी घसा खाकरला आणि पहिल्या कादंबरीच्या लेखकाला शोभेल अशा भारदस्त नम्रतेने ते म्हणाले, "नाही हो. ते घरातून आलं. खुनी कोण, हे मला स्वतःलाच शेवटपर्यंत कळलं नव्हतं."

पलीकडून पेन कागदावर खरखरल्याचा आवाज आला. गुरुजींना वाटलं, आपल्या प्रांजळपणाने माणूस भारावला. सूप पुन्हा चालू झालं, पण हलक्या हाताने.

"वाह," हिरालालजी म्हणाले. "वाह, मास्तरजी."

पुस्तक राखीच्या आदल्या दिवशी स्टॉलवर लागलं. कव्हरवर बंगला, धुकं आणि गुरुजींनी कधीच न वर्णिलेल्या झिरझिरीत साडीतली मधुलिका होती. हे सगळं ते सहन करू शकले. मग त्यांनी पुस्तक उलटं केलं. मागच्या कव्हरवर त्यांचा इस्त्रीच्या सदऱ्यातला फोटो होता आणि फोटोखाली लाल, जाड अक्षरांत छापलं होतं: 'शेवटपर्यंत लेखकालाही कळले नाही, खुनी कोण!'

गुरुजी प्लॅटफॉर्मवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन आले. रायपूरकडे जाणारे लोक खिडकीतून हात काढून पुस्तक घेत होते, मागची ओळ वाचत होते आणि फोटोकडे पाहून हसत होते. कोणी फेकत मात्र नव्हतं. ही बदनामी आहे, आपण वकिलाची नोटीस देऊ, असं म्हणत त्यांनी घरी येऊन पुस्तक योगेश्वरीपुढे ठेवलं आणि त्या ओळीवर बोट रोवलं.

तिने ओळ वाचली, फोटो पाहिला, पदराने त्यावरची धूळ पुसली.

"बाकी पुस्तकाचं नाई सांगत," ती म्हणाली, "पण एवढं त खरं छापलं."